सॉफ्टवेअरची डोंगल हातात आहे, मग मालमत्ता मूर्त की अमूर्त?

खतावणी_भोसरी

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीतल्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे २०२५-२६ चे हिशेब बंद करायचे आहेत. काम टर्निंगचे, सुटे भाग बनवून द्यायचे. इंड-एएस (मुख्यतः मोठ्या कंपन्यांची लेखा मानके) लागू नाही. ताळेबंदात मूर्त आणि अमूर्त मालमत्ता वेगवेगळी दाखवायची आहे, पण या वर्षीच्या काही बिलांवर ऑफिसात एकमत होत नाही. रकमा जीएसटी सोडून देतोय.

- सीएनसी टर्निंग सेंटर (संगणकावर चालणारे लेथ मशीन) २८,००,०००. बिलात दोन ओळी आहेत : मशीन २५,६०,००० आणि कंट्रोलर सॉफ्टवेअर २,४०,०००. २० नोव्हेंबर २०२५ पासून उत्पादनात.
- कॅम सॉफ्टवेअर (मशीनसाठी प्रोग्राम तयार करणारे), कायमचे लायसन्स ३,६०,०००, शिवाय एका वर्षाची एएमसी (देखभाल करार) ५४,०००. दोन्ही १ ऑक्टोबर २०२५ पासून. यूएसबी डोंगल (पेनड्राइव्हसारखी किल्ली) लावल्याशिवाय उघडत नाही.
- हजेरी-पगाराचे क्लाउड सॉफ्टवेअर. १ जानेवारी २०२६ पासून तीन वर्षांचे १,२०,००० आगाऊ भरले. सेटअपचे वेगळे ८०,०००.
- वेबसाइट १,५०,०००. कंपनीची माहिती आणि कामाचे फोटो, ऑर्डर घेण्याची सोय नाही.
- ट्रेडमार्कच्या अर्जाची सरकारी फी ४,५०० आणि एजंटचे ८,०००.
- एक छोटे प्रोप्रायटरी वर्कशॉप चालू धंद्यासकट १८,००,००० ला घेतले. मशीन ९,५०,०००, माल २,५०,०००, उरलेले ६,००,००० करारात 'गुडविल'.
- एमआयडीसीचा प्लॉट आधीच्या धारकाकडून ट्रान्सफर करून घेतला, ४२,००,०००.
- महावितरणचे डिपॉझिट १,९०,०००.

आम्ही आजवर 'हात लावता येतो ते मूर्त, नाही ते अमूर्त' एवढेच धरून चाललो. त्या हिशेबाने डोंगल मूर्त, कंट्रोलर सॉफ्टवेअर अमूर्त, डिपॉझिटही अमूर्त. हे बरोबर आहे का?

---

ताळेबंद

नाही. तुमची तिन्ही उत्तरे चुकली आहेत, आणि तिन्ही त्या एकाच नियमामुळे. हात लावण्याची कसोटी शाळेत ओळख करून देण्यापुरती ठीक. बिल समोर ठेवून काम करताना तिला सगळ्यात शेवटी यायचे असते. त्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या.

पहिली, ही मालमत्ता पैशाच्या रूपात परत येणार आहे का? डिपॉझिट, येणी, एफडी, दिलेले कर्ज यांना आकार नाही, वजन नाही. तरी ती अमूर्त मालमत्ता नव्हे, कारण एएस २६ या अमूर्त मालमत्तेच्या लेखा मानकाच्या व्याख्येत मौद्रिक मालमत्ता बसतच नाही. महावितरणचे १,९०,००० इतर नॉन-करंट मालमत्तेत दाखवा आणि विसरा. त्यावर घसारा नाही, राइट ऑफ नाही. अकरावी-बारावीच्या पेपरात 'ऋणको ही अमूर्त संपत्ती' असे लिहिणारी मुले याच जागी घसरतात.

दुसरी, ताबा कोणाचा? वस्तू तुमच्या शेडमध्ये असणे म्हणजे ताबा नव्हे. गिऱ्हाइकाने पैसे देऊन बनवून घेतलेल्या डाय आणि फिक्श्चर तुमच्या रॅकवर असतात, रोज हातात येतात, पण मालकी गिऱ्हाइकाची. त्या तुमच्या ताळेबंदात येत नाहीत. उलट बाजूनेही तेच. कामगाराला दिलेले प्रशिक्षण, जमलेली माणसे, गिऱ्हाइकांचा विश्वास यातून फायदा होतो, पण उद्या माणूस सोडून गेला तर तुम्ही अडवू शकत नाही. ताबा नाही, म्हणून मालमत्ता नाही. प्रशिक्षणाचा खर्च त्या त्या वर्षाच्या नफा-तोट्यात.

तिसरी, तिला वेगळी ओळख आहे का? वेगळी विकता, भाड्याने देता, दाखवता येईल का, की ती दुसऱ्या कशात विरघळली आहे?

या तिन्हीतून पार झाल्यावर मग आकाराकडे या. तिथेही 'आकार आहे का' असा प्रश्न नसतो. किंमत कशाची मोजली, आकाराची की त्यातल्या हक्काची, हे पाहायचे असते. सॉफ्टवेअरची सीडी, पेटंटचा कागद, फिल्मचे रीळ या सगळ्यांना हात लागतो, तरी त्या अमूर्तच, कारण प्लास्टिकचा आणि कागदाचा भाग नगण्य. तुमची डोंगल त्यातलीच. अंगठ्याएवढ्या तुकड्यासाठी कोणी साडेतीन लाख मोजत नाही. मोजले ते लायसन्सचे. ती अमूर्त.

---

सीएनसी_हिशेब

मशीनच्या बिलातल्या दोन ओळींबद्दल. कंट्रोलरचे सॉफ्टवेअर काढून घेतले तर काय उरते? स्क्रीन काळी, स्पिंडल फिरत नाही, टरेट हलत नाही, नुसते ओतीव लोखंड. एएस २६ मध्ये हेच उदाहरण आहे : ज्या सॉफ्टवेअरशिवाय मशीन टूल चालूच शकत नाही, ते त्या यंत्राचाच भाग. संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमलाही तोच न्याय, त्यामुळे नवीन लॅपटॉपसोबत आलेली विंडोज वेगळी काढू नका. पूर्ण २८,००,००० मूर्त मालमत्तेत, मशीनच्या एकाच लेजरला.

विक्रेत्याने बिलात दोन ओळी का केल्या हा त्याचा प्रश्न. तुमचे वर्गीकरण वस्तूच्या वागण्यावरून ठरते. ओळी पाहून २,४०,००० सॉफ्टवेअरच्या ब्लॉकात (एकाच घसारा-दराच्या गटात) टाकले तर आयकरात ४० टक्क्यांचा निम्मा, म्हणजे ४८,००० घसारा घेतला जाईल. मशीनमध्ये ठेवले तर १५ टक्क्यांचा निम्मा, १८,०००. हा ३०,००० चा फरक असेसमेंटला निघतो, व्याजासकट.

हिशेब असा. कंपनी कायद्याच्या शेड्यूल दोनप्रमाणे सर्वसाधारण यंत्राचे आयुष्य १५ वर्षे, शेवटी ५ टक्के भंगारमूल्य. सरळ रेषेने २८,००,००० च्या ९५ टक्के भागिले १५ म्हणजे वर्षाला १,७७,३३३. २० नोव्हेंबर ते ३१ मार्च १३२ दिवस, म्हणून या वर्षी ६४,१३१. हे एका पाळीचे. मशीन सगळे दिवस दोन पाळ्यांत चालले असेल तर त्या काळाचा घसारा ५० टक्क्यांनी वाढतो, ९६,१९७ होतो. तीन पाळ्यांना दुप्पट. पाळ्यांची नोंद शॉप फ्लोअरच्या रजिस्टरमधून मागवा. अकाउंट्सच्या टेबलावर बसून बहुतेक जण हे विसरतात.

आयकरात १८० दिवसांपेक्षा कमी वापर, म्हणून निम्मा दर : २,१०,०००. कंपनीने ११५बीएए (सवलती सोडून कमी दराने कर भरण्याचे कलम) घेतले नसेल तर नवीन यंत्रावरचा २० टक्के अतिरिक्त घसाराही बघा, या वर्षी निम्मा आणि उरलेला पुढच्या वर्षी.

आणि जीएसटीचे ५,०४,००० क्रेडिट घेणार असाल तर ती रक्कम मशीनच्या किमतीत मिळवू नका. करावरही घसारा आणि क्रेडिटही, असे दोन्ही चालत नाही. सीजीएसटी कायद्याच्या कलम १६(३) ने क्रेडिट जाते.

---

खतावणी_भोसरी

मशीनचे पटले. आता अडतेय ते कॅमवर. मशीन चालवायलाच लागते ना ते सॉफ्टवेअर? मग तेही मशीनचा भाग का नाही? आणि क्लाउडवाल्याचे काय? तीन वर्षे वापरायचे म्हणजे दीर्घकालीन फायदा झाला की.

---

सीएनसी_हिशेब

कॅम बंद पडले तर मशीन बंद पडते का? नाही. ऑपरेटर कंट्रोलरवर हाताने जी-कोड (मशीनला द्यायच्या सूचना) टाकून काम काढू शकतो, वेळ जास्त लागेल इतकेच. तेच कॅम उद्या दुसऱ्या मशीनसाठी वापरता येते, ऑफिसच्या संगणकावर बसवलेले असते. म्हणजे वेगळी ओळख आहे. अमूर्त मालमत्ता, ३,६०,०००.

एएमसी त्यात मिळवू नका. ५४,००० म्हणजे एका वर्षाच्या दुरुस्ती-अपडेटची रक्कम. ३१ मार्चपर्यंत १८२ दिवस झाले, त्याचे २६,९२६ खर्चात. उरलेल्या १८३ दिवसांचे २७,०७४ प्रीपेड.

आयुष्य किती धरायचे ते कंपनीने ठरवायचे. एएस २६ मध्ये दहा वर्षांपेक्षा जास्त नाही असे गृहीत आहे, पण सॉफ्टवेअरला दहा वर्षे म्हणजे स्वतःची फसवणूक. तीन ते पाच ठीक. पाच धरली तर वर्षाला ७२,०००, या वर्षी १८२ दिवसांचे ३५,९०१. इथे यंत्रासारखे ५ टक्के भंगारमूल्य ठेवू नका. अमूर्त मालमत्तेचे शेवटचे मूल्य शून्य धरतात, फक्त कोणी विकत घेण्याचा पक्का करार केला असेल किंवा तिचा चालता बाजार असेल तरच वेगळे. कॅमला घसारा मशीनच्या फॉर्म्युल्याची कॉपी करून लावला की शेवटी लेजरला १८,००० लटकत राहतात आणि वर्षानुवर्षे कोणी काढत नाही.

---

ताळेबंद

क्लाउडचे सांगतो. वर्गणी संपली की तुमच्याकडे काय राहते? काही नाही. प्रोग्राम पुरवठादाराच्या सर्व्हरवर, तो कधी बदलायचा, कधी बंद करायचा हे त्याच्या हाती. तुम्हाला फक्त लॉगिन. ताबा नाही, म्हणून अमूर्त मालमत्ताही नाही. तीन वर्षांचे पैसे आधी भरले एवढ्याने ती मालमत्ता होत नाही, ती आगाऊ दिलेली सेवा होते.

१,२०,००० चे वर्षाला ४०,०००. जानेवारी ते मार्चचे १०,००० यंदाच्या खर्चात. पुढच्या बारा महिन्यांचे ४०,००० करंट प्रीपेड. त्यानंतरचे ७०,००० नॉन-करंट. हा शेवटचा तुकडा सगळा करंटमध्ये टाकला की करंट रेशो फुगतो, आणि कॅश क्रेडिटच्या रिन्युअलला बँकेचा अधिकारी पहिला तिथेच बोट ठेवतो.

सेटअपचे ८०,००० सरळ खर्चात टाका. दुसऱ्याच्या प्रोग्राममध्ये तुमच्या पाळ्या, रजेचे नियम, पगाराची सूत्रे भरून दिली. त्यातून तुमच्या मालकीचे असे काही जन्मले नाही. हेच काम तुमच्या स्वतःच्या सर्व्हरवर, स्वतःच्या मालकीच्या लायसन्सवर झाले असते तर ते सॉफ्टवेअर वापरायोग्य करण्याचा खर्च म्हणून किमतीत मिळाले असते. कामगारांना शिकवण्याचे दिवस त्यात धरले असतील तर तेवढे तेव्हाही वगळावे लागले असते.

वेबसाइट तुम्ही सांगता तशी, फोटो आणि पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा फलक. जाहिरात खर्च. ऑर्डर आणि पैसे घेणारी, त्यातून किती उत्पन्न येते हे दाखवता येणारी असती तर बनवण्याच्या टप्प्याचा खर्च अमूर्त मालमत्तेत नेता आला असता. आराखडा ठरवण्याचा टप्पा तेव्हाही खर्चातच गेला असता. डोमेनचे वार्षिक नूतनीकरण कायम खर्चात.

ट्रेडमार्कचे १२,५०० पण खर्चात टाका असे माझे मत. स्वतः उभा केलेला ब्रँड एएस २६ प्रमाणे ताळेबंदात येत नाही. नोंदणीची फी तेवढी मालमत्तेत धरावी असे म्हणणारे आहेत, पण ही रक्कम दहा वर्षे पुढे ओढून वर्षाला १,२५० राइट ऑफ करण्यात कुणाचे भले नाही. कुणाचा नोंदलेला ट्रेडमार्क विकत घेतला असता तर मात्र तो बिनदिक्कत अमूर्त मालमत्ता.

---

घसारा_४०

कॅमच्या आयकराबद्दल भर घालतो, कारण इथे दोन मते पडतात. १९६१ च्या आयकर कायद्यात अमूर्त मालमत्तेचा दर २५ टक्के. पण घसाऱ्याच्या तक्त्यात 'संगणक, सॉफ्टवेअरसह' अशी स्वतंत्र नोंद यंत्रसामग्रीखाली आहे, ४० टक्के. म्हणजे तुमच्या पुस्तकात जे अमूर्त, ते कराच्या तक्त्यात यंत्राच्या रांगेत. दोन्ही बरोबर, दोन्हीची कामे वेगळी. माझ्या मते विशेष नोंद असताना सर्वसाधारण नोंद लावायची नाही, म्हणून ४० टक्के : १,४४,०००. लायसन्स हा हक्क आहे म्हणून २५ टक्केच, ९०,००० असा वाद घातला जातो. त्यासाठी करार जपून ठेवा. प्रोग्रामची प्रत वापरायला दिली की व्यापारी हक्क दिला, हे कराराच्या शब्दांत दिसते.

तारखेकडे लक्ष द्या. १ ऑक्टोबर ते ३१ मार्च १८२ दिवस, म्हणून पूर्ण दर मिळाला. लीप वर्ष नसताना ३ ऑक्टोबर हा शेवटचा दिवस. ४ तारखेला वापर सुरू केला की १७९ दिवस आणि दर निम्मा. बिलाची तारीख चालत नाही, वापर सुरू झाल्याची लागते. लायसन्स ॲक्टिव्हेट झाल्याची ईमेल प्रिंट करून व्हाउचरला लावा. मशीनला कमिशनिंग रिपोर्ट, तसे सॉफ्टवेअरला ॲक्टिव्हेशन.

हे सगळे २०२५-२६ साठी. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू, त्यामुळे पुढच्या वर्षीच्या वर्किंगमध्ये जुने कलम क्रमांक तसेच उतरवू नका.

आता गुडविल, कारण तिथे रक्कम मोठी आहे. ६,००,००० पैसे देऊन घेतले, त्यामुळे ताळेबंदात अमूर्त मालमत्ता म्हणून येते. स्वतः कमावलेली ख्याती कितीही मोठी असो, तिची एन्ट्री होत नाही. पाच वर्षांत राइट ऑफ करायचे ते एएस १४ मधले, कंपन्यांच्या विलीनीकरणासाठी. प्रोप्रायटरचे वर्कशॉप घेतले म्हणून इथे एएस २६, तरीही पाच वर्षे धरणे सुरक्षित. गिऱ्हाईक जुन्या मालकाच्या तोंडाकडे पाहून येत होते, तो गेल्यावर दहा वर्षे टिकतील असे मानायला आधार नाही.

आयकरात मात्र त्यावर एक पैसाही घसारा नाही. याला इतिहास आहे. मुंबई शेअर बाजाराच्या सदस्यत्व कार्डावर घसारा मिळतो असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये टेक्नो शेअर्स अँड स्टॉक्सच्या खटल्यात म्हटले, कारण ते लायसन्ससारखा हक्क. २०१२ मध्ये स्मिफ्स सिक्युरिटीजच्या निकालाने गुडविललाही तेच लागू झाले. मग २०२१ च्या वित्त कायद्याने गुडविल स्पष्ट शब्दांत वगळले, कर निर्धारण वर्ष २०२१-२२ पासून. जुनी पुस्तके आणि नोट्स वाचून २५ टक्के लावणारे अजून आहेत. पुस्तकात वर्षाला जे १,२०,००० राइट ऑफ कराल ते करगणनेत नफ्यात परत मिळवा.

करारात 'गुडविल' या एका शब्दात काय काय कोंबले आहे तेही पाहा. जुन्या मालकाने तीन वर्षे स्पर्धा न करण्याचे कबूल केले असेल, ड्रॉइंग्ज दिली असतील, पुरवठ्याचे चालू करार नावावर केले असतील, तर त्या वेगळ्या ओळखता येणाऱ्या गोष्टी आहेत. त्यांची किंमत करार करतानाच मूल्यांकन करून वेगळी लिहिलेली हवी. वर्षअखेरीला बसून ६,००,००० चे तुकडे पाडले तर ते टिकणार नाही, आणि पाडूही नये.

---

लीजहोल्ड

प्लॉटवर कोणी बोलले नाही. एमआयडीसी जमीन विकत देत नाही, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. म्हणजे कागदोपत्री तुमच्या हाती आहे तो हक्क. मग अमूर्त? नाही. तो हक्क एका ठरावीक जमिनीच्या वापराचा आहे, म्हणून कंपनी कायद्याच्या शेड्यूल तीनमध्ये (ताळेबंदाचा नमुना) जमिनीखालीच, पण भाडेपट्ट्याची म्हणून वेगळी ओळ करून दाखवायची. इंड-एएस असता तर वापराचा हक्क म्हणून स्वतंत्र मांडणी झाली असती.

मालकीच्या जमिनीवर घसारा नसतो, हे सगळ्यांना पाठ असते. म्हणून लीजहोल्ड प्लॉटही तसाच ठेवून देतात. पण याची मुदत संपणार आहे, तेव्हा रक्कम मुदतीत वाटून टाकावी लागते. दुसरी चूक भागाकारात होते. ४२,००,००० भागिले ९५ म्हणजे ४४,२११, असे करून मोकळे होतात. तुम्ही ट्रान्सफरने घेतलाय. मूळ भाडेपट्टा १९८५ ला सुरू झाला असेल तर तो २०८० ला संपतो, तुमच्या वाट्याला साधारण ५४ वर्षे. मग वर्षाला ७७,७७८. मूळ लीज डीड काढा, सुरुवातीची तारीख तिथेच मिळेल; ट्रान्सफरच्या आदेशावर भागवू नका. एमआयडीसीची ट्रान्सफर फी, मुद्रांक शुल्क, नोंदणीचा खर्च हे प्लॉटच्या किमतीत मिळवा. वार्षिक भाडे आणि सर्व्हिस चार्ज खर्चात. आयकरात जमिनीवर घसारा नाही, त्यामुळे ही रक्कमही करगणनेत परत मिळवावी लागेल.

त्या प्लॉटवर शेड आहे का? असेल तर ४२ लाखांतून शेडची किंमत आधी वेगळी काढा. कारखान्याच्या इमारतीचे आयुष्य शेड्यूल दोनमध्ये ३० वर्षे आहे आणि आयकरात तिच्यावर १० टक्के घसारा मिळतो. जमिनीत बुडवून ठेवली तर तो कायमचा गेला.

---

खतावणी_भोसरी

शेड आहे. जुनी, पण चालू आहे. व्हॅल्युअरचा रिपोर्ट बँकेने कर्जाच्या वेळी करून घेतला होता, त्यात शेडची वेगळी किंमत दिसते. तो धरतो आणि लीज डीड मागवतो. अमूर्त मालमत्तेचे रजिस्टर कसे ठेवायचे? मशीनला टॅग नंबर रंगवतो, सॉफ्टवेअरला काय रंगवणार?

---

ताळेबंद

व्हॅल्युअरच्या आकड्याचे प्रमाण धरा, थेट रक्कम नको. बँकेसाठी केलेले मूल्यांकन ४२ लाखांशी जुळेलच असे नाही. रिपोर्टात शेडचा वाटा एकूण मूल्याच्या जितके टक्के, तितके टक्के ४२ लाखांचे घ्या. ट्रान्सफर फी फक्त जमिनीला, मुद्रांक शुल्क दोघांत त्याच प्रमाणात.

रजिस्टर दोन वेगळी करा. कॅरो २०२० (ऑडिट अहवालात काय लिहायचे याचा आदेश) तुमच्या कंपनीला लागू असेल तर ऑडिटरला मूर्त आणि अमूर्त दोन्हीच्या नोंदींवर स्वतंत्र लिहावे लागते. मूर्तच्या रजिस्टरला नग आणि जागा लागते. अमूर्तला लायसन्सचा क्रमांक, किती युजर, कोणाच्या नावावर, करार किती मुदतीचा, कोणत्या संगणकावर बसवले, ॲक्टिव्हेशनची तारीख, धरलेले आयुष्य आणि ते का धरले. शेवटचा रकाना रिकामा ठेवू नका, दरवर्षी आयुष्य पुन्हा तपासावे लागते.

डोंगलला टॅग लावाच. मालमत्ता ती नसली तरी किल्ली तीच आहे. हरवली तर लायसन्स तुमचेच राहते, पण नवीन डोंगल येईपर्यंत कॅम बंद, आणि पुरवठादार त्याचे पैसे घेतो. रजिस्टरात 'डोंगल : प्रोग्रामिंग टेबल, खण क्रमांक २, ताबा अमुक' अशी ओळ हवी. आणि लायसन्स कंपनीच्याच नावावर आहे ना ते पाहा. बऱ्याच ठिकाणी ते डायरेक्टरच्या किंवा प्रोग्रामरच्या वैयक्तिक ईमेलवर नोंदलेले असते, आणि मग पैसे कंपनीचे जाऊनही ताबा सिद्ध करणे अवघड जाते. ३१ मार्चच्या तारखेआधीचा नाव दुरुस्तीचा ईमेल नसेल तर पुरवठादाराकडून पत्र घ्या की लायसन्स सुरुवातीपासून कंपनीसाठीच दिले होते.